‘ब्लाउज टेलर’ म्हणून ठेवलेला नंबर

कोल्हापुरातून एका ४१ वर्षांच्या ताईंनी पत्र लिहिलं आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात. यजमानांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, मुलगा यंदा दहावीला आहे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तेव्हापासून त्यांचं सगळं अंथरुणातच होतं आणि ते बहुतेक या ताईच करतात. गेले काही महिने त्यांना पहाटे तीनला जाग येते, नंतर झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कारण नसताना डोळे भरून येतात. ईसीजी नॉर्मल आला. ‘टेन्शन कमी करा,’ असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने त्यांना एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. या बाई एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या सोशल वर्कर आहेत. तो नंबर ताईंनी मोबाइलमध्ये ‘ब्लाउज टेलर’ या नावाने ठेवला आहे. तीन महिने झाले, लावलेला नाही. यजमानांचं म्हणणं, “आपल्या घरातलं चार भिंतीतच ऱ्हाऊ दे. आणि समाजसेवक काय, आपल्या चौकातल्या बोर्डावर धा-बारा हाईत.” ताई विचारतात: सोशल वर्कर तर गरिबांची बिलं कमी करून देतात, त्यांच्याकडे जाऊन काय होणार? जायचंच तर सायकॉलॉजिस्टकडे जावं की मानसोपचारतज्ज्ञांकडे? भावकीत कळलं तर? “मला फक्त पहिल्यासारखं खंबीर व्हायचंय, म्हणजे सगळं नीट चालेल.” आणि पत्राच्या अगदी शेवटी तीन ओळी आहेत. एका दुपारी भरवताना सासूबाईंनी घास थुंकला, तेव्हा ताईंनी त्यांचा हात जोरात झिडकारला, वाटी उलटली. “त्या दिवसापासून मी स्वतःला माणूस समजत नाही.”

ताई,

त्या शेवटच्या तीन ओळींपासूनच सुरुवात करते. पाकीट बंद करता करता लिहिल्यासारख्या त्या आहेत, पण मला वाटतं अख्खं पत्र त्यांच्यासाठीच लिहिलं गेलं.

आजारी माणसाचा हात झिडकारणं चूक होतं. तुम्हाला ते ठाऊक आहे, म्हणून मी त्यावर सारवासारव करत नाही. पण दोन वर्षं दिवसातून तीन वेळा भरवणाऱ्या बाईचा एका दुपारी तोल सुटला, यावरून ती माणूस नाही असं ठरत नाही. ती थकली आहे आणि तिच्या जागी उभं राहायला कुणी आलेलं नाही, एवढंच ठरतं. पुन्हा असं घडू नये ही तुमची तळमळ खरी आहे. पश्चात्तापाने मात्र ते थांबणार नाही. पश्चात्ताप तुम्ही रोज करताय आणि थकवा होता तिथेच आहे.

समुपदेशनाकडे वळण्याआधी एक गोष्ट. अर्धांगवायूनंतर पुष्कळ रुग्णांना गिळायला त्रास होतो. घास तोंडात फिरत राहतो, घशाशी अडतो आणि मग बाहेर टाकला जातो. आपल्याला तो हट्ट वाटतो. आईंना जेवताना ठसका लागतो का, घास गालात साठून राहतो का, जेवणानंतर आवाज ओला, घोगरा होतो का, हे दोन दिवस नीट बघा आणि डॉक्टरांना सांगा. गिळण्याची तपासणी वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. रुग्णाला कितपत ताठ बसवायचं, घास केवढा घ्यायचा, पातळ पदार्थ किती दाट करायचे, हे ते करून दाखवतात. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, तेव्हा हे पुढे ढकलू नका. त्या दुपारी आईंचा हट्ट नसेलही, आणि तुमचा दुष्टपणा तर नव्हताच.

आता तुमचा पहिला प्रश्न. सोशल वर्कर म्हणजे बिलं कमी करून देणारी व्यक्ती, हे चित्र कुठून आलं ते मला कळतं. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षकांची खोली असते. लोक तिथे सवलतीसाठी, योजनांच्या कागदांसाठी ताटकळत उभे असतात. ते काम खरंच होतं आणि त्यावर कित्येकांचे उपचार अवलंबून असतात. पण त्याच खुर्चीतली व्यक्ती विष घेऊन वाचलेल्या पोराच्या आईशीही बोलते. पाय कापावा लागणार हे घरच्या कर्त्या माणसाला कुणी आणि कसं सांगायचं, ते नातेवाइकांबरोबर बसून ठरवते. समुपदेशन हा तिच्या कामाचा गाभाच आहे. चौकातल्या बोर्डावरच्या समाजसेवकांचा याच्याशी संबंध नाही, त्या नावासाठी शिक्षणाची अट नसते. एमएसडब्ल्यू ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. भारतात या शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. कोल्हापुरातला आपला सायबर चौक ज्या ‘सायबर’ संस्थेच्या नावाने ओळखला जातो, तिथेही समाजकार्याचं हे शिक्षण मिळतं. विद्यार्थ्यांना शिकतानाच दवाखाने, शाळा, वस्त्या अशा ठिकाणी काम करावं लागतं आणि केलेल्या कामाचा हिशेब शिक्षकांना द्यावा लागतो.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. एमएसडब्ल्यू झालेली प्रत्येक व्यक्ती समुपदेशक नसते. कुणी कामगार कल्याण किंवा मनुष्यबळ विषय घेऊन कारखान्यात जातं, कुणी ग्रामविकासात. तुम्हाला हवी ती व्यक्ती वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य किंवा कुटुंब व बालकल्याण या बाजूची असावी आणि तिने प्रत्यक्ष समुपदेशन केलेलं असावं. त्याहून वरची पायरी मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात या पदाची व्याख्याच दिली आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मनोविकार समाजकार्यातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. असे लोक संख्येने कमी आहेत. ते भेटले तर उत्तमच. पण तुमच्या अडचणीसाठी अनुभवी एमएसडब्ल्यू समुपदेशकही चालेल, असं मला वाटतं. ‘समुपदेशक’ ही पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण विचारायला लाजू नका. चांगल्या समुपदेशकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

मग सायकॉलॉजिस्ट की मानसोपचारतज्ज्ञ? मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. निदान करणं आणि औषध देणं त्यांचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या आणि मानसोपचार पद्धती यांत तयार झालेले असतात. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागता येतो. सोशल वर्कर औषध देत नाही. तिची नजर माणसाबरोबर त्याच्या घरावर, पैशावर, नात्यांवर आणि कामाच्या वाटणीवर असते. तुमचं पत्र दोनदा वाचून मला वाटलं की तुमच्या दुखण्याचा मोठा भाग तिथेच आहे. म्हणून फिजिओथेरपिस्टने दिलेला नंबर मला योग्य वाटतो.

‘खंबीर व्हायचंय’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. कुणीतरी तुमच्या मनाला बळ द्यावं, म्हणजे आज जे करताय ते सगळं उद्याही एकटीने, न रडता करता येईल, अशी तुमची अपेक्षा आहे. घर जसं चाललंय तसंच चालायचं, फक्त तुम्ही त्रास करून घ्यायचा नाही. ताई, हे गृहीत मला मान्य नाही. तुम्ही पूर्वी खंबीर होता तेव्हा घरात एक माणूस चालतं-बोलतं होतं, स्वतःचं स्वतः करत होतं, तुमचा निम्मा स्वयंपाकही करत होतं. आता त्याच माणसाचं अंघोळ-जेवण-मलमूत्र तुमच्याकडे आहे, वर नोकरी आहे, वर दहावी आहे. काम दुपटीने वाढलं आणि हात तेवढेच राहिले. यात मन कमकुवत होण्याचा संबंध कुठे येतो?

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की आईंची कूस बदलायला तुम्ही रात्री दोनदा-तीनदा उठता, आणि यजमानांना सकाळी लवकर जायचं असतं म्हणून ते आतल्या खोलीत झोपतात. पहाटे तीनला जाग येते त्याचं कारण शोधताना हे वाक्य नजरेआड करून चालणार नाही. दोन वर्षं जिची झोप सलग झालेली नाही तिचं शरीर आपणहून जागं व्हायला शिकतं. रात्रीची ही पाळी वाटून घेता येते का, एअर बेड घेतला तर उठण्याचं अंतर वाढवता येईल का असं डॉक्टरांना विचारायचं का, दिवसा चार तासांसाठी मदतीला मावशी ठेवणं परवडेल का, सांगलीच्या नणंदबाई महिन्यातून दोन दिवस सल्ला द्यायला येतात त्या दोन रात्री राहतील का? सोशल वर्कर हेच प्रश्न विचारेल. तिच्याबरोबर बसलं की त्यांची उत्तरं घराच्या पातळीवर शोधता येतात, तुमच्या एकटीच्या मनाच्या पातळीवर नाही.

ती हे कसं करते ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. पहिल्या-दुसऱ्या भेटीत ती बहुधा एक कोरा कागद पुढे घेईल आणि घरातली माणसं मांडेल. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. यजमानांचा चौकोन, तुमचा गोल, मधे जोडणारी रेघ, खाली मुलाचा चौकोन, वर सासूबाई, निवर्तलेल्या सासऱ्यांच्या चौकोनावर फुली, बाजूला नणंदबाई. मग विचारेल, या घरात कुणाचं कुणाशी जमतं? जमतं तिथे जाड रेघ, खटके उडतात तिथे नागमोडी. माहेरचं कोण आहे? ऑफिसात कोण आहे? शेजारी कोण आहे जिच्याकडे अर्धा तास आईंना सोपवून तुम्ही बाहेर पडू शकता? तुमच्या गोलाकडे किती रेघा येतात आणि त्यातली एखादी तरी तुम्हाला काही देणारी आहे का, हे कागदावर दिसलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. पुष्कळ बायका त्या कागदाकडे बघूनच पहिल्यांदा म्हणतात, “हे सगळं माझ्याकडेच आहे की.”

कागदपत्रांचं तिचं ज्ञानही हलकं समजू नका. आईंचं अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळू शकतं. त्यावर कुठल्या सवलती लागू होतात, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची तपासणी कशी करून घ्यायची, हे तिला विचारा. ज्या घरात पैसा आणि माणूसबळ दोन्ही ओढाताणीने पुरवलं जातं, तिथे हे प्रश्न सुटले की मनावरचा ताणही उतरतो.

समुपदेशनाला जाण्याआधी किंवा त्याच आठवड्यात रक्ताच्या साध्या तपासण्या करून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. ईसीजी चांगला आला म्हणजे शरीराचं सगळं तपासून झालं असं होत नाही. चाळिशीनंतर पाळीच्या चक्रातही बदल सुरू होऊ शकतात आणि धडधड, झोपमोड त्यानेही होते. आणि मरण बरं असं वाटत असेल, जेवणावरची वासना पार गेली असेल, आवडीच्या एकाही गोष्टीत कित्येक आठवडे मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ आधी घ्या. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही केस पेपर काढून दाखवता येतं. औषधं आणि समुपदेशन एकाच वेळी चालू शकतं, एकाने दुसऱ्याची जागा घेतली पाहिजे असं नाही. चांगली सोशल वर्कर तुमची स्थिती पाहून स्वतःच म्हणेल, “एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या.” जी म्हणेल, “गोळ्या बंद करा, मी बरं करते,” तिच्याकडे पुन्हा जाऊ नका.

गावात कळण्याची भीती. कोल्हापूर मोठं झालं असलं तरी मिरजकर तिकटीला सकाळी झालेली गोष्ट संध्याकाळी रंकाळ्यावर पोचते, हे मी नाकारत नाही. उपाय आहेत. फोनवरच विचारा की तुमच्याकडे वेळ ठरवून बोलावतात की रांगेत बसावं लागतं. दोन भेटींच्या मधे थोडी मोकळी वेळ ठेवणाऱ्या समुपदेशकाकडे माणसं एकमेकांना दिसत नाहीत. तुमचं आडनाव आणि गल्ली सांगून विचारा की आमच्यापैकी कुणाला ओळखता का. ओळखत असेल तर तिने ते सांगून दुसरं नाव सुचवावं, हा कामाचा शिरस्ता आहे. महाद्वार रोडवर समोरासमोर आलो तर तुम्ही काय कराल, असंही विचारा. “तुम्ही बोललात तरच मी बोलेन,” असं उत्तर आलं तर निर्धास्त व्हा. तेवढ्यानेही मन घेत नसेल तर सांगली किंवा इचलकरंजी गाठा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर बोला. कॉलसाठी मात्र एकांत लागतो. घरात आई पलीकडच्या खोलीत सगळं ऐकू शकतात, त्यांना बोलता येत नसलं तरी समजतं. ऑफिस सुटल्यावर पतसंस्थेतली मागची खोली अर्धा-पाऊण तास मिळाली तर ती बरी.

तुम्ही सांगितलेलं ती कुणाला सांगणार नाही ना? मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि समाजकार्याच्या व्यवसायातही ते बंधन मानलं जातं. त्याला थोडे अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं, किंवा न्यायालयाने माहिती मागितली तर. हे अपवाद तिने पहिल्याच भेटीत आपणहून सांगायला हवेत. न सांगितल्यास तुम्ही विचारा. वाटी उलटली त्या दुपारबद्दल सांगितलं तर पोलिसांत जाईल की काय, अशी शंका तुमच्या मनात असणार, म्हणूनच ते तुम्ही आजवर कुणाला सांगितलं नाही. ती आधी विचारेल की आई आज सुरक्षित आहेत का, असं पुन्हा झालं का, तोल सुटायला लागतो तेव्हा तुम्हाला आधी काय जाणवतं. हे विचारणं तिचं कर्तव्य आहे, त्याला आरोप समजू नका. त्यातूनच पुढच्या वेळी काय करायचं ते ठरेल: वाटी खाली ठेवायची, आईंना धोका नाही एवढं बघायचं, दारापर्यंत जाऊन यायचं, पाणी प्यायचं, मग परत बसायचं.

आता यजमान. ‘घरातलं बाहेर कशाला’ म्हणणारा प्रत्येक माणूस दुष्ट नसतो. आई अंथरुणात, ऑर्डर वेळेत द्यायची, कामगार टिकत नाहीत, अशात आणखी काही उघडं पडू नये असं त्यांना वाटत असावं. पण आईंच्या मेंदूतला अडथळा तपासायला तुम्ही घरातलं बाहेर नेलंच होतं, तेव्हा कुणी थांबवलं नाही. त्यांच्याशी बोलताना परवानगी मागण्याचा सूर लावू नका आणि भांडणाचाही नको. रविवारी जेवणं झाल्यावर, मुलगा क्लासला गेल्यावर, एवढंच सांगा: “मला झोप लागत नाही, रडू येतं, डॉक्टरांनी तपासलं, हृदय चांगलं आहे. आता मी यासाठी एका बाईंकडे जाणार आहे. बुधवारी साडेसहा ते साडेसात तुम्ही आईंपाशी थांबा.” शेवटचं वाक्य गाळू नका. तो एक तास त्यांनी आईंबरोबर काढणं हा तुमच्या उपचाराचाच भाग आहे. पुढे तीन-चार भेटी झाल्यावर, तुम्हाला हवं असेल तर, समुपदेशक त्यांनाही बोलावेल. पण तुमची संमती असल्याशिवाय नाही, आणि तुम्ही एकांतात सांगितलेलं त्यांच्यासमोर मांडणार नाही, हे तिच्याकडून आधी कबूल करून घ्या. ‘टेलरकडे जाऊन येते’ असं सांगून सुरुवात करण्याचा मोह होईल. एखाद्या वेळी तसं गेलात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही, पण दर आठवड्याला खोटं सांभाळण्याचं ओझं अंगावर घेऊ नका. ओझ्यांची आधीच गर्दी आहे.

फोन लावताना लांबलचक कहाणी सांगायची गरज नाही. “सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला आहेत, त्यांचं मी करते, मला झोपेचा आणि रडण्याचा त्रास आहे, तुमचा नंबर फिजिओथेरपिस्टने दिला.” एवढं पुरे. मग तुम्ही विचारायचं: शिक्षण कुठलं, किती वर्षं समुपदेशन करता, आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांबरोबर काम केलंय का, एक भेट किती वेळाची, फी किती, वेळ रद्द करायची झाली तर काय नियम, नोंदी कुठे ठेवता, आणि अवघड प्रसंगी तुम्ही कुणाचा सल्ला घेता. हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या समुपदेशकाला स्वतःच्या कामाबद्दल कुणाला विचारावंसं वाटत नाही, तिच्याबद्दल मी सावध राहीन. भेट साधारण पाऊण तास ते तासभराची असते, सुरुवातीला आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी. फी झेपणारी नसेल तर स्पष्ट सांगा, पुष्कळजण ती कमी-जास्त करतात. दहा-वीस भेटींचे पैसे आगाऊ मागणारं कुणी असेल तर नको म्हणा. पहिल्याच भेटीत चूक कुणाची याचा निवाडा देणारी, दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी नावानिशी सांगणारी, उपास-तापास किंवा तोडगे सुचवणारी व्यक्ती तुमच्या कामाची नाही.

पहिल्या भेटीनंतर लगेच हलकं वाटेलच असं नाही. काहींना त्या रात्री जास्त रडू येतं. त्यावरून निकाल लावू नका. तीन-चार भेटींनंतर मात्र तिच्यासमोरच आढावा घ्या: आपण काय ठरवलं होतं, त्यातलं काय बदललं, रात्री कोण उठतं आता? काहीच हललं नसेल तर समुपदेशक बदलणं हा तिचा अपमान होत नाही. तिला तसं सांगितलंत तर ती स्वतः दुसरं नाव देईल.

अशाच अवस्थेतल्या इतर वाचकांसाठीही थोडं लिहिते, कारण सोशल वर्कर एकाच दारामागे भेटत नाही. घरात मारहाण होत असेल तर पोलिसांच्या महिला व बालकांसाठीच्या विशेष साहाय्य कक्षात प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या असतात, तिथे पैसे लागत नाहीत, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. अशा घरात नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करण्याची घाई कुणी करत असेल तर आधी बाईच्या सुरक्षेचं काय, हे विचारा. कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक खटला दाखल झालेल्या जोडप्यांसाठी असतात, त्यांची चौकट वेगळी. दारूचा प्रश्न असेल तर व्यसनमुक्ती केंद्रातले सोशल वर्कर पिणाऱ्याइतकंच त्याच्या बायको-आईशीही बोलतात, पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांनी एकटं जावं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा नंबर आहे.

कुणाकडे जायचं हे ठरेपर्यंत, ताई, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुमच्याकडे असू द्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पहाटे तीनला घर झोपलेलं असतं आणि तुम्ही स्वयंपाकघरात बसलेल्या असता तेव्हाही तिथे फोन उचलला जातो. मरणाचा विचार मनात आला तर त्याच क्षणी लावा आणि यजमानांना उठवा.

बाकी, फिजिओथेरपिस्ट पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याला दोन गोष्टी विचारून ठेवा: गिळण्याच्या तपासणीसाठी कुणाकडे न्यायचं, आणि कूस बदलण्याची पद्धत तो यजमानांना आणि मुलाला एकदा शिकवेल का. ते दोघं घरात असतील अशीच वेळ त्याला द्या.